नऊशे नव्वद ग्रॅमचा संसार

काटेसाहेबांचा जुना लॅपटॉप सुरू झाला की खालच्या मजल्यावरचं मांजर पलंगाखाली जाऊन बसायचं. थाप वाटते ना? मग खालच्या बाईंनाच विचारा. आधी कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग आतला पंखा घुमायला लागायचा, मग फडताळातल्या बरण्या एकमेकींना कोपरं मारायच्या, आणि मग कुठे पडद्यावर उजेड पडायचा. घरात सगळे त्याला पाटा म्हणायचे. काळा, जाडजूड, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दोनदा जिन्यावरून गडगडला होता. दोन्ही वेळा फरशी फुटली. पाट्याला काही म्हणजे काही झालं नाही.

काटेसाहेब होते वजनमापं खात्यात निरीक्षक. खरं आडनाव भलतंच, पण उभा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा, आणि हळूहळू घरच्यांनाही तीच सवय लागली. दुकानोदुकानी जाऊन तराजू नि तोलकाटे तपासायचे, खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर दंड करायचा, हे त्यांचं काम. त्यांना सगळ्यात राग कशाचा, तर अंगठ्याचा. म्हणजे दुकानदाराच्या. गोड गोड बोलता बोलता पारड्यावर हळूच टेकलेला अंगठा त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. "अंगठा!" एवढंच ओरडायचे, की अख्ख्या गल्लीतले अंगठे मुठीत जायचे. बाजारात एक डाळीचे व्यापारी होते, त्यांनी तर साहेबांच्या धास्तीनं डाव्या हाताला हातमोजा घालायला सुरुवात केली होती, भर उन्हाळ्यात.

जगाबद्दल काटेसाहेबांचं एकच म्हणणं होतं. ज्यानं वजन खरं सांगितलं, तो माणूस खरा. बायको कशी काय पसंत पडली, असं कुणी विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "हिनं पहिल्याच भेटीत वजन खरं सांगितलं." ही गोष्ट त्यांनी इतक्या जणांना सांगितली होती, की बायको आता कुठल्याही समारंभात त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची.

तर झालं काय, खात्यात प्रशिक्षण प्रमुखाची जागा निघाली. नव्या निरीक्षकांना शिकवायचं काम. काटेसाहेबांच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकी वर्षं पोटात साठवलेलं ज्ञान, आणि घरात ऐकायला एक माणूस तयार नाही! आई ऐकता ऐकता घोरायची, बायकोला नेमकं तेव्हाच दूध आठवायचं. शिकवायला हक्काचे विद्यार्थी मिळतील, पळून जाणार नाहीत, हजेरी असेल, अशी ती जागा. पण निवड होती मोठ्या बाईंच्या हातात. मोठ्या बाई म्हणजे खात्यातल्या सगळ्यात वरच्या अधिकारी. त्यांनी सांगून ठेवलं होतं, की ट्रक तोलायच्या मोठ्या काट्यावर, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर, काटेसाहेबांनी खात्याचा नवा प्रोग्राम चालवून दाखवायचा. काटा तपासायचा, आकडे आपोआप लॅपटॉपवर घ्यायचे. नीट झालं, तर जागा त्यांची.

आता पाट्यावर तो प्रोग्राम लोण्यासारखा चालत होता. अडचण वेगळीच. मागच्या बैठकीत साहेबांनी पाटा उघडला, आणि नेमक्या मोठ्या बाई भाषणाला उभ्या राहिल्या. पंखा घुमला. बाईंनी आवाज चढवला. पंख्यानंही चढवला. बाईंनी आणखी चढवला. शेवटी कोण खाली बसलं? बाई बसल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "काटेसाहेब, प्रात्यक्षिक जरा देखणं होऊ द्या."

देखणं! हा शब्द साहेबांच्या काळजात रुतला.

त्यात रविवारी साडू आले. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फर्निचरचं मोठं दुकान, आणि अंगावर अत्तर इतकं, की आधी वास जिना चढायचा आणि मग साडू. त्यांच्या हातात, म्हणजे हातात कसला, दोन बोटांत, एक रुपेरी लॅपटॉप होता. लग्नाची पत्रिका धरावी तसा धरलेला.

"अहो साडूभाऊ," पाट्याकडे बघून ते म्हणाले, "हा अजून आहे? मला वाटलं, तुम्ही पायरीला लावला असेल."

"चालतोय चांगला," साहेब म्हणाले.

"चालतोय हो, पण दिसतो कसा? माणूस आत शिरायच्या आधी त्याचा लॅपटॉप आत शिरतो. हा बघा." त्यांनी तो टीपॉयवर ठेवला. ठेवल्याचा आवाजसुद्धा आला नाही. "मी हा नुसता टेबलावर ठेवला, की गिऱ्हाईक सोफा विचारायला येतं आणि कपाट घेऊन जातं."

"उघडून दाखवा की," आतून आई म्हणाली.

"उघडतो ना, उघडतो," म्हणत साडूंनी तो परत दोन बोटांत उचलला, आणि चहा पिऊन गेले. उघडायचं राहूनच गेलं. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं, आणि मग मी सांगितलं तरी काय असतं?

दुसऱ्या दिवशी काटेसाहेब बायकोला घेऊन दुकानात. विक्रीच्या टेबलामागे एक हसतमुख मुलगी उभी होती. तिनं एक लॅपटॉप पुढे केला. काय ते रूप! कडेनं बघितला तर दिसेना. समोरून बघितला तर साहेबांना स्वतःचाच चेहरा दिसला, आणि तोही जरा तरुण.

"वजन?" साहेबांनी विचारलं.

"फक्त नऊशे नव्वद ग्रॅम, सर."

"कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते."

काटेसाहेब हसले. असं हसले, की बायकोनं ताबडतोब दाराकडे बघितलं. साहेबांनी खात्याची पिशवी उघडली, आतून घडीचा तोलकाटा काढला, मखमली पेटी काढली, पेटीतून पितळी वजनं काढून एकेक काचेवर मांडायला लागले. मालकानं लांबून ती पेटी बघितली मात्र, त्याचा चेहरा पांढराफटक. "धाड!" असं काहीतरी तो पुटपुटला असावा, कारण शेजारच्या दुकानाचं शटर धाडकन खाली आलं. मग पलीकडचं. मग समोरचं. रांगेनं शटरं पडत पडत पार गल्लीच्या टोकापर्यंत गेली. केस कापणाऱ्यानंही ओढून घेतलं. त्याच्याकडे तोलण्यासारखं काही नव्हतं, पण वेळ काही सांगून येते का? आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक अडकलं.

इकडे साहेबांनी लॅपटॉप तोलकाट्यावर ठेवला. काटा हलला, डुलला, आणि थांबला. नऊशे नव्वद. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही.

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. उभी नोकरी गेली, असं छापल्याबरहुकूम वजन त्यांनी बघितलं नव्हतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "चालतो कसा तेही बघा ना जरा."

"ज्यानं वजन खरं सांगितलं, तो बाकीचं खोटं कशाला सांगेल?"

ती मुलगी बिचारी प्रामाणिक होती. म्हणाली, "सर, हा फिरायला, दाखवायला छान आहे. पण तुमचं काम दमवणारं असेल, तर तो पलीकडचा घ्या. दिसायला साधा आहे, पण..."

"त्याचं वजन किती लिहिलंय?"

साहेबांनी तोही तोलला. पाच ग्रॅम जास्त भरला. "खोटारडा," म्हणाले, आणि तोंड फिरवलं. झाला सौदा.

घरी आल्यावर शेजारीपाजारी बघायला जमले. आईनं हातात घेऊन उलटसुलट केला. "किती रे वाळलाय," म्हणाली. "आजारी होता का?"

"आई, हे आधुनिक आहे."

"असेल बाई. पण ह्याला वायर कुठे लावायची?"

हा प्रश्न सगळ्यांच्या आधी आईला सुचला, हे साहेबांना पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. पाट्याला चहूबाजूंनी भोकं होती. गोल, चौकोनी, चपटी. काहींचा उपयोग पाटा बनवणाऱ्यालाही माहीत नसेल. आणि ह्या सुंदराला एक. एकच! तेही इतकं बारीक, की त्यात मुंगीला तिरकं होऊन शिरावं लागेल. खात्याच्या तोलकाट्याची वायर मात्र जुन्या वळणाची, तोंड अंगठ्याएवढं. म्हणून एक जोडणी आणली. ती जोडणी जुन्या वायरीला बसेना, म्हणून जोडणीची जोडणी आणली. खात्याचा प्रोग्राम तबकडीवर, आणि तबकडी घालायला लॅपटॉपला तोंड नाही, म्हणून तबकडी वाचणारा वेगळा डबा आणला. डबा लावला की चार्जरला भोक उरेना, म्हणून एका भोकाची सात भोकं करणारी पेटी आणली. पेटीला स्वतःची वेगळी वीज लागायची. सगळं एकमेकांना जोडून टेबलावर मांडलं, तर दवाखान्यात सलाइन लावलेला पेशंट झोपलाय असं वाटायचं.

तरीही चालला असता हो. पण प्रोग्राम सुरू केला, आणि तो तापला. पंखा नव्हता ना! पंखा नाही म्हणूनच तर बारीक, आणि पंखा नाही म्हणूनच शांत. पाट्यावर चुटकीसरशी होणारं काम इथे रांगत रांगत पुढे जायला लागलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, फिरतच राहिला. साहेबही त्याच्याबरोबर मान फिरवत बसले, आणि शेवटी मान धरली.

शेजारच्या घरातले निवृत्त डॉक्टर आले. त्यांनी मागच्या बाजूला हात लावला आणि म्हणाले, "ताप आहे. ओल्या फडक्याच्या घड्या घाला."

"डॉक्टर, वीज आहे त्यात."

"मग कोरड्या घाला."

वरच्या मजल्यावरचे फ्रीज दुरुस्त करणारे काका म्हणाले, "बर्फावर ठेवा. माझ्याकडे बर्फाची मोठी पेटी आहे, पाहुणे आले की काढतो. वर पत्रा, पत्र्यावर हा. बघा कसा पळतो." ठेवला, तर खरंच पळाला. पण दमट हवेनं धाप लागू नये म्हणून वर टेबलपंखा लावा, असं खालच्या बाई म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगला होता. पाटा बंद झाल्यापासून त्यांचं मांजर पलंगावर झोपायला लागलं होतं.

त्याचं खरं कौतुक करणारा माणूस एकच निघाला, ती म्हणजे आई. एकदा प्रोग्राम चालू असताना तिनं लॅपटॉप उचलला, आणि सरळ गुडघ्यावर ठेवला. डोळे मिटले. "आहाहा," म्हणाली. "अरे, इतके दिवस सांगितलं का नाहीस? हा शेकायचा आहे होय!"

"आई, सरकारी काम चाललंय त्याच्यावर!"

"चालू दे की. मी कुठे मधे येतेय? आता डावा."

मग कचेरी. नियमच असा, की तपासणीला जोडायच्या प्रत्येक उपकरणावर खात्याचा ठसा हवा. लोखंडी ठसा, तोही हातोडीनं ठोकून मारायचा. मुख्य कारकून बाई हातोडी घेऊन उभ्या राहिल्या, आणि लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून म्हणाल्या, "कुठे ठोकू?"

"ठोकू नका!" साहेब किंचाळले.

"मग तपासणीला जोडता येणार नाही."

"अहो, आरपार जाईल ठसा!"

"ते माझ्या कामात येत नाही. पाट्याला मी तीन ठसे मारलेत. त्यानं हूं की चूं केलं नाही."

बराच खल झाला. वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना विचारलं, शेवटी तोडगा निघाला. ठसा पितळी बिल्ल्यावर मारायचा आणि बिल्ला तारेनं लॅपटॉपला बांधायचा. बिल्ला कपबशीतल्या बशीएवढा, आणि लॅपटॉपहून जाड. साहेब तो घेऊन निघाले, तर चालताना खण्-खण् वाजायला लागला. वाटेत दोघांनी वळून बघितलं, कुणाचं जनावर सुटलं म्हणून.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. सामान साडूंच्या ट्रकमधून न्यायचं ठरलं. बर्फाची पेटी, टेबलपंखा, पंख्याला वीज म्हणून गाडीची भलीमोठी बॅटरी, घडीचं टेबल, खुर्ची, आणि ऊन लागू नये म्हणून साडूंच्या दुकानातली मोठी बागेतली छत्री, तिच्या बुडाला ओतीव लोखंडाचा गोल. शिवाय साहेबांच्या खांद्याला पिशवी, तिच्यात सगळ्या जोडण्या. पिशवी उचलताना साहेब एका बाजूला कलंडले.

"ह्यात आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं.

"जोडण्याच असतील," आई दुसरीकडे बघत म्हणाली. "जप हो बाळा."

बायको साडूंच्या शेजारी ट्रकमध्ये चढली. चढताना म्हणाली, "हलका घेतला तेच बरं झालं. नाहीतर दोन ट्रक लागले असते."

मोठा काटा गावाबाहेर होता. म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट, ट्रक त्यावर उभा राहायचा, आणि शेजारच्या खोलीच्या कपाळावर मोठे लाल आकडे उमटायचे. काट्याचे मालक म्हणजे एक म्हातारे काका. वडिलांच्या वेळेपासूनचा काटा, आणि कधी एका किलोची तक्रार नाही. काकांनी नवा सदरा घातला होता. मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या. व्यापारी कोंडाळं करून उभे राहिले. हातमोजावाले डाळीचे व्यापारी सगळ्यात पुढे.

सुरुवात झकास झाली. आकडे शून्यावर आणले, हमालांनी ठराविक वजनाचे लोखंडी ठोकळे एकेक करून फलाटावर रचले. पाचशे किलो झाले. लाल आकडा पाचशे, लॅपटॉपवरही पाचशे. मोठ्या बाई लॅपटॉपकडे बघून म्हणाल्या, "वा, देखणा आहे हो." साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हे मूठभर पुढे मोजलं जाणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात सूर्य फिरला. ऊन थेट टेबलावर आलं, लॅपटॉप तापला, आणि तो गोल फिरायला लागला.

"सावली! सावलीत घ्या!" साडू ओरडले. छत्री उघडली तर ऊन तिरपं, छत्रीची सावली पडली थेट मोठ्या बाईंवर. खोलीची गार सावली होती, पण ती पडली होती फलाटावर. झालं! सगळे धावले. कुणी टेबल उचललं, कुणी बर्फाची पेटी, कुणी बॅटरी, चौघांनी मिळून छत्री. सावलीत मांडलं सगळं. साहेब पिशवी खांद्याला अडकवून खुर्चीत बसले आणि लॅपटॉपला वारा घालायला लागले. सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या त्या गोलावर. लाल आकड्याकडे कोण बघतो? शेवटी गोल थांबला, टाळ्या पडल्या, आणि साहेबांनी हात वर केला. "उरलेले पाचशे आणा!"

ठोकळे चढले. आता एक हजार दिसायला हवेत. सगळ्यांनी माना वर केल्या.

एक हजार एकशे सत्तर.

लॅपटॉपवरही तेच. काकांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. "साहेब," ते म्हणाले, "असं कधी झालं नाही हो. माझ्या वडिलांची शपथ."

काका भला माणूस. पण काटा म्हणजे काटा. त्यांनी जड हातानं काटा बंद करायचं सील काढलं. व्यापाऱ्यांत कुजबुज, "काका सुद्धा? मग आमचं काय चुकलं?" काकांनी डोळ्याला नव्या सदऱ्याची बाही लावली. मोठ्या बाई म्हणाल्या, "लावा सील."

इतक्यात बर्फाच्या पेटीतून पाणी साहेबांच्या बुटात उतरायला लागलं. एका हमालानं वरचा लॅपटॉप टेबलावर सारला, ती पेटी उचलली आणि फलाटावरून खाली नेऊन ओतली.

"थांबा!" डाळीचे व्यापारी ओरडले. हातमोजा घातलेलं बोट आकड्याकडे. एक हजार एकशे पंचावन्न. "ठेव रे पेटी परत." पेटी ठेवली. थोडं पाणी गेलं होतं, तरी आकडा वर सरकला. "उचल." खाली. "ठेव." वर.

मग त्या व्यापाऱ्यांनी सावकाश, चवीनं, डाव्या हातातला हातमोजा काढला. "काटेसाहेब," ते म्हणाले, "आम्ही नुसता अंगठा टेकवला तर तुम्ही गल्ली डोक्यावर घेता. आणि तुम्ही? तुम्ही तर अख्खा संसारच मांडलात की काट्यावर!"

हशा असा उठला, की काट्याच्या आकड्यालाही हुडहुडी भरली. मोठ्या बाई हसल्या नाहीत. तेच वाईट.

काटेसाहेबांना वाटलं, ह्या फलाटानं दुभंगावं आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण मग त्यांची नजर काकांवर गेली. काका हसत नव्हते. बाही अजून डोळ्यालाच होती. साहेबांनी सील पिशवीत टाकलं, खुर्चीवरून उठले, आणि बाजारात "अंगठा!" ओरडायचे त्याच आवाजात ओरडले, "काटा खरा आहे! खोटा मी आहे. काकांचं काही चुकलेलं नाही. हा दंड माझ्या नावावर!"

मग हमालांनी एकेक वस्तू खाली उतरवायला घेतली. पेटी, बॅटरी, पंखा. छत्री उतरली तेव्हा आकडा असा घसरला, की लोकांनी आरोळी ठोकली. बर्फ गेला, पंखा गेला, तसा लॅपटॉपनं मान टाकली. पडदा काळा.

"साडूभाऊ, तुमचा द्या," साहेब म्हणाले.

साडूंनी दोन बोटांतला रुपेरी लॅपटॉप पाठीमागे लपवला. "माझा... त्याचं काय आहे, साडूभाऊ, तो मी उघडत नाही."

"म्हणजे?"

"नेतो फक्त. दुकानाचं सगळं काम मागच्या खोलीत जुन्या खोक्यावर चालतं." साडू आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. त्यांच्या बायकोला हे तेव्हाच कळलं असतं, पण ती आली नव्हती. तिला ते साहेबांच्या बायकोकडून कळलं, त्याच दिवशी.

"पण अजून पंच्याऐंशी किलो जास्तच दाखवतोय," काका घाबरत घाबरत म्हणाले. "सगळं तर उतरवलं."

सगळ्यांनी फलाटाकडे बघितलं. फलाटावर ठोकळे होते, आणि काटेसाहेब होते.

"अहो!" साडूंच्या ट्रकजवळून बायकोचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, व्यापाऱ्यांच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. "तुम्ही तर मला बहात्तर सांगत होतात!"

"पिशवी आहे खांद्याला!" साहेब लालबुंद होऊन म्हणाले.

"मग काढा पिशवी!"

पिशवी हमालाच्या हाती दिली. आकडा पाच किलोनं उतरला, ऐंशीवर येऊन खिळला, आणि हटेना. तो ऐंशी कुणाचा, हे सांगायची गरज उरली नाही. पण हमाल म्हणाला, "साहेब, जोडण्या तर सगळ्या बाहेर काढल्यात. मग ह्यात एवढं काय?" पिशवी उलटी केली. तळातून आईची जुनी शाल निघाली, आणि शालीत गुंडाळलेला, टवका उडालेला, काळाकुट्ट पाटा!

इतके दिवस पाटा न्यावा लागू नये म्हणून केलेला खटाटोप, आणि पाटा सकाळपासून त्यांच्याच खांद्यावर बसून आला होता.

साहेब आधी फलाटावरून खाली उतरले. मग पाटा उघडला. तो खाकरला. पंखा घुमला. खोलीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ट्रकच्या काचा थरथरल्या. मोठ्या बाई काहीतरी बोलायला उठल्या होत्या, पण अनुभवानं शहाण्या झालेल्या, हात जोडून परत खाली बसल्या. लाल आकडा एक हजार, पाट्यावर एक हजार, चुटकीसरशी. साहेबांनी काकांच्या काट्याला स्वतः शिक्का मारला. काकांनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

पंखा थांबल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "देखणं काही झालं नाही. पण स्वतःच्या अंगठ्यावर ओरडणारा निरीक्षक मी पहिल्यांदा बघितला. पोरांना शिकवा. पहिला धडा हाच घ्या, काट्यावर काय काय ठेवायचं नाही." एवढं बोलून मात्र त्या हसायला लागल्या, आणि गाडीत बसेपर्यंत हसतच होत्या.

तर जागा मिळाली. विद्यार्थी हजेरीला असतात, पळून जात नाहीत. पाटा वर्गात सुरू झाला की पहिल्या रांगेतले कानात बोटं घालतात, पण साहेबांचा आवाज त्याच्याही वर जातो. वजन खरं सांगणाऱ्या बायकोची गोष्ट तेवढी त्यांनी आता सांगायची बंद केलीय. घरी रोज सकाळी बायको त्यांना वजनाच्या काट्यावर उभं करते, आणि मोठ्यानं वाचते.

आणि तो सुंदर? तो आईच्या गुडघ्यावर. बिल्ल्यासकट. आईनं दुपारभर त्याच्यावर सिनेमे लावून ठेवायचे, बघायला नाही, तापवायला. मारामारीचा असला की जास्त तापतो, हा तिचा शोध. "प्रेमाचे नकोत रे," म्हणायची, "नुसतं कोमट होतं."

सगळं छान चाललं होतं. मग एके दिवशी कंपनीनं दुरून, आपलं आपणच, काहीतरी सुधारणा त्याच्यात पाठवून दिली. पडद्यावर आलं, की आता हा अजिबात तापणार नाही. आईनं डावा गुडघा लावून बघितला, उजवा लावून बघितला, ढीगभर मारामारीचा सिनेमा लावला. गारढोण!

"अरे, बिघडला हा!" आई म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दुकानात जा आणि सांग त्यांना, पहिल्यासारखा करून द्या."

आईच्या शब्दापुढे काटेसाहेबांचं कधी चाललं नाही. त्यांनी लॅपटॉप काखेत मारला, सवयीनं खात्याची पिशवी खांद्याला अडकवली, आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी बिल्ल्याचा खण्-खण् आवाज पोचला. दुकानाच्या मालकानं मान बाहेर काढून बघितलं.

पहिलं शटर पडलं. मग पलीकडचं. मग समोरचं. आणि केस कापणाऱ्याच्या खुर्चीतून, अर्ध्या दाढीनिशी, ते जुनंच गिऱ्हाईक ओरडलं, "अहो, ह्या वेळी तरी पुरी करा!"